घोड्यांचा न बोलणारा मास्तर



स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार. मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, स्नेहसंमेलनात पडलेला पडदा, सहलीला चुकलेली एस.टी., यात माझ्याकडे कुणापेक्षा वेगळं काही नाही. संपादक मंडळाने मग एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र चालेल अशी सवलत दिली. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा शास्त्रज्ञ असावा. मी लिहिते आहे ते एका घोड्यांच्या ट्रेनरबद्दल. आपल्यापैकी कुणी रेसकोर्सवर पाऊल टाकलं असेल असं वाटत नाही, मीही नाही. पण टॉम स्मिथ या माणसाने गेली काही वर्षं माझी पाठ सोडलेली नाही, आणि हा लेख सर-बाई वाचणार आहेत म्हणून तो इथेच लिहावा असं वाटलं.

तुमच्यातल्या काहींनी २००३ साली आलेला सीबिस्किट नावाचा सिनेमा पाहिला असेल. मंदीच्या काळातल्या अमेरिकेतला एक ठेंगणा, वाकड्या चालीचा घोडा मोठमोठ्या घोड्यांना हरवतो, ही त्याची गोष्ट. घोडा खरा, शर्यतीही खऱ्या. घोड्याचं नाव जगाला माहीत झालं, मालकाचं झालं, दोन्ही जॉकींचंही झालं. ज्याने तो घोडा ओळखला आणि घडवला त्याचं नाव मात्र यादीत शेवटी येतं, किंवा येतच नाही.

स्मिथचा जन्म २० मे १८७८ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. त्याच्या तरुणपणाबद्दल स्वतः तो कधी फारसं बोललाच नाही. एवढं कळतं, की तो लहान वयातच पश्चिमेकडे गेला आणि पुढचं सगळं आयुष्य घोड्यांच्या पाठीवर किंवा पायाशी गेलं. बोअर युद्धासाठी ब्रिटिश घोडदळाला घोडे लागत होते, तेव्हा रानटी घोड्यांना माणसाळवायचं काम त्याने केलं. कोलोरॅडोतल्या एका मोठ्या गुरांच्या कुरणावर तो बरीच वर्षं होता. नाल ठोकायचे, जखमा धुवायच्या, शिंगरांना खोगिराची सवय लावायची, आणि रात्री जनावरांजवळच झोपायचं.

मग मोटारी आल्या. कुरणं मोडली, घोड्यांची किंमत उतरली आणि स्मिथसारख्या माणसांचं कसबच निरुपयोगी झालं. आपल्याकडे टांगेवाल्यांचं झालं तसं. पुढे तो चार्ली आयर्विन नावाच्या एका अवाढव्य माणसाच्या फिरत्या खेळात लागला. हा आयर्विन गावोगाव काउबॉय लोकांच्या कसरती दाखवायचा आणि शर्यतीचे घोडेही बाळगायचा. स्मिथ तिथे नालबंद, ट्रेनर, मुकादम, सगळं काही होता. तिथे चांगला घोडा कधी मिळायचाच नाही. मोडके, थकलेले, दुसऱ्यांनी टाकून दिलेले घोडे यायचे आणि त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं असायचं. १९३४ मध्ये आयर्विन मोटार अपघातात गेला आणि पन्नाशी उलटलेला स्मिथ पुन्हा उघड्यावर आला. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या एका रेसकोर्सवर तो घोड्याच्या ठाणातच राहत होता. एका ओळखीच्या माणसाने त्याला तिथे पाहिलं आणि चार्ल्स हॉवर्डला त्याचं नाव सुचवलं.

हा हॉवर्ड कोण, तर सॅन फ्रान्सिस्कोचा मोटारींचा बडा विक्रेता. सायकली दुरुस्त करता करता त्याने ब्युइक गाड्यांची एजन्सी मिळवली आणि पश्चिम किनाऱ्यावर घोड्यांच्या जागी मोटारी आणून करोडपती झाला. म्हणजे ज्या धंद्याने स्मिथचं जग बुडवलं, त्याच धंद्याच्या पैशावर स्मिथला काम मिळालं. दोघांचं पटलं कसं, हे मला अजून कोडंच आहे. हॉवर्डला पत्रकारांचा गराडा आवडायचा. स्मिथ पत्रकार दिसला की तबेल्यात शिरायचा. वर्तमानपत्रांनी त्याचं नावच सायलेंट टॉम पाडलं होतं.

१९३६ च्या उन्हाळ्यात हॉवर्डने त्याला पूर्वेकडे घोडे बघायला पाठवलं. बोस्टनच्या रेसकोर्सवर एक तपकिरी घोडा त्याच्या समोरून गेला. बुटका, गुडघे बेढब, पुढचा डावा पाय धावताना बाहेर फेकणारा. नाव सीबिस्किट. मॅन ओ' वॉर या अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या घोड्याचा तो नातू, पण घराण्याचं नाव राखेल असं त्याच्यात कुणाला काही दिसत नव्हतं. पहिल्या सतरा शर्यती तो हरला होता. दोन वर्षांचा असतानाच त्याला पस्तीस वेळा पळवलं होतं, त्यातल्या फक्त ५ शर्यती त्याने जिंकल्या. एवढ्याशा वयात पस्तीस म्हणजे फारच. स्मिथने त्यात काय पाहिलं कोण जाणे. पण त्याच ऑगस्टमध्ये त्याच्या शब्दावर हॉवर्डने तो घोडा सुमारे ८ हजार डॉलरना घेतला. शर्यतीच्या दुनियेत ही रक्कम किरकोळच.

इथे मला थोडं थांबायचं आहे. सीबिस्किटचा आधीचा ट्रेनर कुणी अडाणी माणूस नव्हता. जेम्स फिट्झसिमन्स हा त्या काळातला सर्वांत आदरणीय ट्रेनर. अमेरिकेतला तिहेरी मुकुट जिंकणारे दोन घोडे त्याने घडवले, १९३० मध्ये गॅलंट फॉक्स आणि १९३५ मध्ये ओमाहा. स्वभावानेही माणूस भला. पण त्याच्या पागेत घोडे पुष्कळ होते आणि त्यांत ओमाहासारखे हिरे होते. सीबिस्किट आळशी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तो पूर्ण चुकीचाही नव्हता, हा घोडा खरोखरच जेवढ्यास तेवढं करायचा. मग आळशावर जो उपाय करतात तोच केला. चाबूक आणि जास्त शर्यती.

फिट्झसिमन्सला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली नऊ जणांची टीम होती. त्यात लहान गावातून आलेला एक मुलगा होता. मीटिंगमध्ये तोंड उघडायचा नाही, काम उशिरा द्यायचा. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात मी त्याला सर्वांत खालची श्रेणी दिली. आकडे माझ्या बाजूने होते, कुणी हरकतही घेतली नाही. त्याला दुसऱ्या टीममध्ये पाठवलं. तिथल्या बाईंनी दोन दिवस नुसतं त्याच्या शेजारी बसून तो काम कसं करतो ते पाहिलं. तो प्रत्येक बिघाडाच्या मुळाशी गेल्याशिवाय पुढे जात नव्हता, म्हणून उशीर होत होता. त्यांनी त्याला बिघाड शोधायचंच काम दिलं. वर्षभरात इतर टीम त्याला नावाने मागायला लागल्या. हे मला कँटीनमध्ये, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो माझ्याकडे दीड वर्ष होता, आणि त्याच्या शेजारी मी एकदाही बसले नव्हते.

तर स्मिथ घोड्याच्या शेजारी बसला.

घोडा आला तेव्हा हाडं दिसत होती. चंदी खात नव्हता, ठाणात सारखा येरझारा घालत होता, खोगीर दिसलं की घामाने भिजत होता. स्मिथने आधी त्याला शर्यतीच्या विचारापासूनच दूर ठेवलं. झोपेल तेवढं झोपू दिलं, उठवायचं नाही अशी तबेल्यातल्या सगळ्यांना ताकीद. चारा खास मागवलेला, पायांना स्वतः बनवलेला लेप आणि पट्ट्या. मग सोबत शोधली. आधी ठाणात एक शेळी ठेवून पाहिली. सीबिस्किटने ती दाताने उचलून दाराबाहेर टाकली, असं सांगतात. नंतर पंपकिन नावाचं एक पिवळसर, थोराड, शांत तट्टू आणलं. हे तट्टू गुरं राखून आणि बैलांच्या धडका खाऊन इतकं निबर झालं होतं की त्याला कशाचं काही वाटत नसे. दोन ठाणांमधली भिंत पाडली आणि दोघे एकत्र राहायला लागले. पुढे एक भटकं कुत्रं आणि एक माकडही त्या बिऱ्हाडात सामील झालं. घोड्याच्या येरझारा थांबल्या. (आठवीत आपल्या वर्गशिक्षिका बाक बदलत असत आणि आपण कुरकुर करत असू, ते मला हे वाचताना आठवलं. कुणाला कुणाशेजारी का बसवलं, हे बाईंनी कधी सांगितलं नाही.)

मग धावणं. सरावात हा घोडा स्वाराशी नुसतं भांडायचा. स्मिथने स्वाराला सांगून ठेवलं, की लगाम ओढायचा नाही, चाबूक हातात घ्यायचा नाही, जाईल तिकडे जाऊ दे. घोडा चौखूर उधळला, वेडावाकडा पळत राहिला आणि दमल्यावर आपोआप थांबला. अडवायला कुणीच नाही म्हटल्यावर भांडणार कुणाशी? गुमान तबेल्यात परतला. शर्यत सुरू होण्याआधी फाटकात तो थयथयाट करायचा, त्यासाठी स्मिथ स्वतः त्याच्यासमोर उभा राहिला. हलला की हाताने एक थाप, स्थिर झाला की काही नाही. पुन्हा हलला की पुन्हा थाप. घोडा शांत उभा राहायला शिकेपर्यंत हे चाललं. जॉकी निवडला रेड पोलार्ड. त्याचंही नशीब फिरलेलं, खिसा रिकामा, आणि एका डोळ्याने तो अंध होता ही गोष्ट त्याने सर्वांपासून लपवलेली.

विकत घेतल्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १९३६ मध्ये, सीबिस्किटने डेट्रॉइटला गव्हर्नर्स हँडिकॅप जिंकली. १९३७ मध्ये पंधरा शर्यतींपैकी ११ जिंकून तो त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा घोडा ठरला. घोडा तोच होता, गुडघेही तेच बेढब.

या सगळ्यात एक शर्यत मात्र हुलकावणी देत होती. कॅलिफोर्नियातली सांता अनिता हँडिकॅप, बक्षीस १ लाख डॉलर. हँडिकॅप म्हणजे घोडा जितका चांगला तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त, म्हणजे चुरस राहते. १९३७ मध्ये सीबिस्किट ती फक्त नाकाच्या अंतराने हरला. १९३८ मध्ये पुन्हा नाकाच्याच अंतराने. त्या दुसऱ्या वेळी त्याच्या पाठीवर १३० पौंड होते आणि जिंकणाऱ्या स्टेजहँडच्या पाठीवर फक्त १००.

आता घंटेची गोष्ट. माझ्यातल्या इंजिनिअरला सर्वांत आवडणारी.

पूर्वेकडे तेव्हा वॉर ॲडमिरल नावाचा घोडा होता. तोही मॅन ओ' वॉरच्याच रक्ताचा, थेट मुलगा, १९३७ चा तिहेरी मुकुट जिंकलेला. दोघांची झुंज लावावी असा देशभर आग्रह सुरू झाला. बरीच घासाघीस होऊन दिवस ठरला १ नोव्हेंबर १९३८, जागा बाल्टिमोरचं पिम्लिको रेसकोर्स. वॉर ॲडमिरलला फाटक सोसायचं नाही, म्हणून त्याच्या मालकाने फाटकाऐवजी घंटा वाजवून शर्यत सुरू करायची अट घातली. सगळ्या जाणकारांच्या मते निकाल इथेच लागला होता. दोनच घोडे असले की आधी पुढे जाणारा बहुधा जिंकतो, आणि वॉर ॲडमिरल सुरुवातीलाच सुसाट सुटायचा. सीबिस्किट मागून गाठणारा.

स्मिथने ती अट मान्य केली आणि लाकडाच्या खोक्यात एक विजेची घंटा स्वतः बनवली. रेसकोर्स रिकामा झाल्यावर, संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो सीबिस्किटला घेऊन जायचा. घंटा वाजली की त्याच क्षणी चाबकाचा आवाज, आणि स्वाराने घोड्याला पुढे काढायचं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. काही दिवसांत चाबकाची गरज उरली नाही. घंटा वाजली की घोडा बाणासारखा सुटायचा. आपण नववीत जीवशास्त्रात पावलॉव्हचा कुत्रा शिकलो होतो, लाळ गाळणारा. स्मिथने पावलॉव्ह वाचला असेल असं मला वाटत नाही. त्याला घोडा माहीत होता.

सराव दिवसाढवळ्या का नाही, तर तो कुणाला दिसू नये म्हणून. बातमीदारांना गुंगारा देण्यात स्मिथला मनापासून आनंद मिळायचा. सीबिस्किटसारखाच दिसणारा ग्रॉग नावाचा एक घोडा त्याच्याकडे होता. तो उजेडात बाहेर काढायचा, फोटोग्राफर त्याचे फोटो काढायचे आणि खरा सीबिस्किट आत झोपलेला असायचा. आयुष्यभर गंभीर राहिलेल्या माणसाची ही एवढीच मस्करी.

त्या दिवशी मैदानात सुमारे ४० हजार लोक होते आणि कोट्यवधी रेडिओला कान लावून. पोलार्ड पाय मोडून इस्पितळात पडलेला, म्हणून त्याचा मित्र जॉर्ज वूल्फ खोगिरावर होता. दोनदा सुरुवात चुकली, तिसऱ्यांदा घंटा वाजली आणि मागून येणारा म्हणून प्रसिद्ध असलेला सीबिस्किट पहिल्याच वळणाआधी पुढे होता. मध्ये वॉर ॲडमिरलने त्याला गाठलं, थोडा वेळ दोघे डोक्याला डोकं लावून पळाले, आणि मग सीबिस्किट सुटला तो चार घोड्यांच्या लांबीचं अंतर टाकूनच थांबला. वेळ १ मिनिट ५६.६ सेकंद, त्या रेसकोर्सवरचा विक्रम. गर्दी घोड्यावर आणि वूल्फवर तुटून पडली. हॉवर्ड फोटोंसाठी उभा राहिला.

त्यानंतर १९३९ च्या फेब्रुवारीत सीबिस्किटच्या पुढच्या डाव्या पायाचा अस्थिबंध दुखावला. वय सहा, सगळं संपलं असंच सगळ्यांना वाटलं. त्याला हॉवर्डच्या कुरणावर सोडलं. मोडका पाय घेऊन पोलार्डही तिथेच होता. स्मिथने त्या वर्षीची सांता अनिता हँडिकॅप जिंकली, पण कयाक नावाच्या दुसऱ्याच घोड्यावर. वर्षाच्या शेवटी सीबिस्किट पुन्हा त्याच्या हाती आला. एवढ्या दुखापतीनंतर सात वर्षांच्या घोड्याला पुन्हा पळवायचं, म्हणजे रोज थोडं जास्त मागायचं आणि पाय कुठे तापतो का ते हाताने चाचपत राहायचं. एक दिवस चुकला की पाय कायमचा गेला. हे योग्य होतं की नाही, यावर माझं मन अजूनही दोन्हीकडे झुकतं. २ मार्च १९४० रोजी पोलार्डला पाठीवर घेऊन, १३० पौंड वाहून, सीबिस्किटने तिसऱ्या प्रयत्नात सांता अनिता जिंकली. दुसरा आला कयाक, म्हणजे तोही स्मिथचाच घोडा. सीबिस्किट ४,३७,७३० डॉलर कमावून निवृत्त झाला. तोपर्यंत जगात कुठल्याही घोड्याने इतकी कमाई केली नव्हती. पुढच्याच वर्षी सांता अनिताला त्याचा पुतळा उभा राहिला.

स्मिथचं पुढे काय झालं, हे सिनेमात नाही. १९४३ च्या सुमारास पाठीच्या दुखण्यामुळे तो हॉवर्डपासून वेगळा झाला. मग प्रसाधनांच्या धंद्यातल्या एलिझाबेथ आर्डन या बाईंच्या पागेत लागला आणि १९४५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक कमाईचा ट्रेनर ठरला. त्याच वर्षी त्याच्या एका मोतद्दाराला घोड्याच्या नाकात औषधाचा फवारा मारताना पकडलं. औषध एफेड्रिन, सर्दीवरचं. मात्रा अगदी थोडी, तिने घोडा जोरात पळेल अशी नव्हती, असं त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. पण नियमात बसत नव्हतं आणि जबाबदारी ट्रेनरची. स्मिथवर एक वर्षाची बंदी आली. हे मी गाळलं असतं तर चरित्र गोड झालं असतं, पण अर्धं राहिलं असतं. बंदी संपल्यावर तो परत आला आणि ३ मे १९४७ रोजी त्याच्या जेट पायलट या घोड्याने केंटकी डर्बी जिंकली. त्यानंतर चौदाच दिवसांनी, १७ मे रोजी, सीबिस्किट हॉवर्डच्या कुरणावर मेला.

१९४९ मध्ये सीबिस्किटवर पहिला सिनेमा आला, शर्ली टेम्पल असलेला. त्यात ट्रेनर आहे, पण तो टॉम स्मिथ नाही. त्याच्या जागी शॉन ओ'हारा नावाचा एक गोडबोल्या आयरिश म्हातारा कथाकाराने कल्पनेतून आणून बसवला आहे. खरा स्मिथ तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता आणि सांता अनिताच्या आसपास रोज पहाटे घोडे बघायला जात होता. त्याने तो सिनेमा पाहिला का, कुणास ठाऊक. पाहिला असता तरी कुणापाशी काही बोलला नसता.

शेवटी शेवटी त्याच्याकडे एकच घोडा उरला होता. २३ जानेवारी १९५७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथे तो गेला. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या रेसिंग हॉल ऑफ फेममध्ये सीबिस्किटचं नाव लागलं. स्मिथचं नाव लागायला २००१ साल उजाडलं. तोपर्यंत आपण शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती.